सुट्टीतला चित्रपट: सगळ्या वयांनी एकत्र काय पाहावे?

मे महिन्यात घराची घडी बदलते. एरवी जो तो आपापल्या वयाचा पडदा घेऊन बसलेला असतो. सुट्टीत मामे-आते भावंडे जमतात, सहा वर्षांचे आणि सोळा वर्षांचे एकाच सतरंजीवर येतात, शेजारी आजी असते. ‘कौटुंबिक चित्रपट’ कशाला म्हणावे, हा प्रश्न खरा तेव्हा पडतो. त्याचे उत्तर बहुधा नकारांनी दिले जाते: मारामारी नको, शिव्या नकोत, मोठ्यांना मान खाली घालावी लागेल असे काही नको. ही व्याख्या अपुरी आहे. आक्षेपार्ह काहीच नसलेला चित्रपट निरुपद्रवी असतो. तो सगळ्यांना धरून ठेवेल याची हमी त्यात नाही.

सेन्सॉरचे प्रमाणपत्र या नकारात्मक व्याख्येवरच चालते. १९८३ मध्ये ‘यू’ आणि ‘ए’ यांच्या दरम्यान ‘यूए’ हा वर्ग आला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे पाडले. पालकांना हा चांगला आधार आहे आणि तिकीट काढण्याआधी तो पाहावाच. पण त्याची मर्यादा २०१६ च्या ‘द जंगल बुक’ने दाखवली. ऐन एप्रिलमध्ये आलेल्या या चित्रपटाला आपल्याकडे ‘यूए’ मिळाले. त्रिमितीत प्राणी अंगावर आल्यासारखे वाटतात, ही भीती त्यामागे होती. त्यावर बरीच थट्टा झाली. मला ती काळजी हास्यास्पद वाटत नाही; पाच वर्षांच्या मुलाला शेरखान खरोखर घाबरवतो. पण प्रमाणपत्र फक्त भीती आहे एवढेच सांगते. ती कुठे संपते, मोगली तिला कसे तोंड देतो, बाहेर पडताना मूल भेदरलेले असते की छाती काढून चालते, हे ठरवायला चित्रपटच पाहावा लागतो.

म्हणून होकारात्मक व्याख्या हवी. मी ती अशी करतो: ज्या चित्रपटातल्या एकाच प्रसंगात प्रत्येक वयाला आपापला प्रश्न सापडतो, तो कौटुंबिक. त्यासाठी कथा पुढे नेणारी कृती मुलाच्या हाती असावी लागते आणि मोठ्यांची अडचणही खरी असावी लागते. आई-वडिलांना बावळट दाखवून मुलांना हसवणारे चित्रपट दुसऱ्या अटीवर पडतात. संस्कार करायला निघालेले पहिल्या अटीवर.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) या व्याख्येचा सर्वांत भक्कम आधार आहे. पंढरपुरातला ज्ञानेश न्यूटनचा भक्त. दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल म्हणजे एलिझाबेथ. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र जप्त होते, सायकल विकण्याची वेळ येते आणि पोरे यात्रेत बांगड्यांचा गाडा लावतात. लहान मूल त्यात सायकल वाचते का, एवढेच पाहते आणि ते पुरेसे असते. बारा वर्षांच्या मुलाला पैशाचे गणित कळते: किती विकले, किती उरले, किती हवेत. आईला दिसते ती हप्ता थकलेली बाई आणि आजीला दिसते वारीच्या गावाची दुसरी बाजू, जिथे भक्ती आणि बाजार एकाच रस्त्यावर असतात. यातला गण्या मात्र तोंडाचा फाटका आहे. शिव्या नकोत हा नियम काटेकोर लावला, तर हा चित्रपट बाद ठरेल. माझ्या मते तो नियमच इथे तोकडा पडतो, कारण गण्याची मैत्री त्याच्या भाषेपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

दुःखाचा प्रश्न अधिक अवघड. सुट्टीत रडवणारे कशाला, असे म्हणून आपण दोन उत्तम चित्रपट मुलांपासून दूर ठेवतो. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) जायबंदी बैल खाटकाला विकायची पाळी शेतकऱ्यावर येते. टिंग्याचा प्रश्न साधा आहे: शेजारच्या म्हाताऱ्या आजीवर उपचार करता, मग माझ्या चितंग्यावर का नाही? याचे उत्तर घरातल्या कोणत्याच मोठ्याकडे नसते, म्हणून चित्रपट संपल्यावर बोलणे सुरू होते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार असते आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला जग दाखवायला रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. दुःखाची मात्रा इथे प्रचंड आहे, पण मूल त्यात एकटे सोडलेले नाही. आजोबा सतत बरोबर आहेत. मुलाने दुःख पाहू नये, असे मी म्हणत नाही. त्याने ते कोणाच्या सोबतीने पाहिले, ही कसोटी.

गतीविषयी एक समज पक्का बसला आहे: मुलांना संथ चित्रपट चालत नाही. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ च्या बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर मिळाले, ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने दिलेले. वडील गेलेले, आईची बदली झालेली, नव्या गावात सूर न जुळणारा चिन्मय आणि कोकणातला पाऊस. घटना त्यात मोजक्याच. तरी मुलांनी तो निवडला, कारण शाळा बदललेल्या मुलाचा एकटेपणा त्यांच्या ओळखीचा होता. आईचा कचेरीतला एकटेपणा त्याच्या बाजूनेच चालतो, तो मोठ्यांसाठी.

पहिल्या दिवशी, गोंगाट भरात असताना, मोकाशींचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावावा. फाळक्यांचे सगळे घर वेड्या उद्योगाला लागते, मुले पडद्यावर आणि सरस्वतीबाई पडद्यामागे. इथे कुटुंब हीच चित्रपटाची यंत्रणा आहे आणि हसू अखंड आहे. ‘एलिझाबेथ’ त्यानंतर, ‘किल्ला’ पावसाची वाट पाहत असताना. ‘टिंग्या’ आणि ‘श्वास’ ज्या दिवशी दुसरा काही बेत नसेल त्या दिवशी, कारण नंतरचा वेळ मोकळा हवा. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ही सुट्टीत आजोळी जमलेल्या भावंडांचाच, पण त्यातला मृत्यू उकलून सांगितलेला नाही, तो तेरा-चौदाच्या पुढच्यांनी, घरातल्या एखाद्या मोठ्यासह पाहावा, आणि सहा वर्षांच्याला त्या वेळी अंगणात पाठवावे.