गवत, कायदा आणि कथन : १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे एक वाचन

इतिहासकथनाचा आरंभ आणि शेवट घटनांमध्ये आयता नसतो. तो कथनकर्ता निवडतो. हेडन व्हाइट यांनी ‘मेटाहिस्टरी’ (१९७३) या ग्रंथात कथानकरचनेविषयी केलेले विवेचन सर्वपरिचित आहे. यवतमाळ जिल्ह्यातील जंगल सत्याग्रहाच्या संदर्भात ते तपासून पाहण्यासारखे आहे.

दांडीला मिठाचा कायदा ६ एप्रिल १९३० रोजी मोडला गेला. वऱ्हाडाला समुद्र नाही. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसद येथे राखीव जंगलातील गवत विनापरवाना कापून वनकायदा मोडला. २१ जुलैला डॉ. हेडगेवार यांनी यवतमाळनजीक हाच सत्याग्रह केला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. अण्यांच्या चरित्रात हा प्रसंग टिळकपरंपरा आणि गांधीयुग यांना जोडणारा दुवा ठरतो. हेडगेवारांच्या चरित्रात तो राष्ट्रीय लढ्यातील सहभागाचा पुरावा ठरतो.

अर्थ भिन्न असले, तरी दोन्ही कथनांचा साचा एकच आहे. नायक नेता, प्रतिनायक परकी सरकार. साहजिकच कथेची सांगता १९४७ मध्ये होते. गवत येथे मिठाच्या जागी आलेले चिन्ह असते. त्यावर कोणाची गुरे चरत होती, हा प्रश्न संहितेबाहेर राहतो. कोलाम आणि गोंड पार्श्वभूमीत विरून जातात. कायदा परका होता म्हणून अन्यायी होता, ही श्रद्धा या मौनामागे आहे. प्रत्यक्षात १९२७ चा वनकायदा स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याची उद्देशिका हेही एक इतिहासकथनच आहे. वननिवासींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही झाला, असे ती मान्य करते. येथे १९४७ हा शेवट उरत नाही. अर्थात, हे कथनही तटस्थ नव्हे. आजच्या हक्कमागणीने त्याचा आरंभबिंदू ठरवला आहे. मात्र आपली गरज ते लपवीत नाही, हा त्याचा विशेष.

पुसदची ही कथा एखाद्या कोलाम पोडावरून सांगितली गेली, तर ती १९३० मध्ये सुरू होईलच असे नाही. जंगल राखीव ठरले तेथून ती सुरू होईल आणि सत्याग्रह तिच्यातील एक मधला प्रसंग असेल. स्वातंत्र्यलढ्याचे मोल त्याने उणावत नाही. स्वातंत्र्य कोणापर्यंत पोहोचले, हे मात्र त्या कथेलाच विचारता येईल.