पैनगंगेपलीकडचा परदेश

परदेशी जावे आणि तेथले खास कापडचोपड घेऊन यावे, ही आगबोटीने जाणाऱ्या धनिकांची हौस, असा आपला समज असतो. आमच्या ढाणकीपुरते पाहिले, तर परदेश बैलगाडीच्या टप्प्यात होता. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. १९४८ पर्यंत तेथले नाणे निराळे, जकात निराळी. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला जो नदी उतरे, तो परमुलखात खरेदी करणारा प्रवासीच होय.

हा परदेश निर्माण कसा झाला? कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १९०२ साली दरसाल २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा मक्ता झाला. मात्र कागदोपत्री वऱ्हाडचे स्वामित्व निजामाचेच राहिले. दोन्ही काठांचा धनी एक, आणि मध्ये करोडगिरीचा नाका!

अलीकडे कलदार रुपया चाले, पलीकडे हाली शिक्का. १०० कलदारांना सुमारे ११६ ते ११७ हाली मिळत. म्हणजे ७ हालींचे लुगडे ६ कलदारांना पडे. हे गणित ज्याला तोंडी करता येत नसे, त्याने दुकानदाराच्या इमानावर विसंबावे.

जकातीचा हिशोब याहून बोलका आहे. संस्थानात जाणाऱ्या मालावर शेकडा ५ जकात बसे. म्हणजे ढाणकीहून नेलेले लुगडे नदी ओलांडताच परके ठरे. उलट १८८२ साली इंग्रज सरकारने विलायती कापडावरचा आयातकर उठवला, आणि पुढली बारा वर्षे मँचेस्टरचे धोतरजोडे मुंबई बंदरात बिनजकात उतरले. १८९६ साली त्यांवर शेकडा साडेतीन कर बसला खरा; पण तेवढाच कर येथल्या गिरण्यांच्या कापडावरही लादला गेला, आणि तो १९२५ पर्यंत टिकला. सात समुद्रांपेक्षा आमची पैनगंगा रुंद होती, असेच म्हणायचे!

आणि ते विलायती कापड तरी कशाचे? १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडवर वळली. पुढे आगगाडी आली, जिन आणि प्रेस आले. रुईच्या गाठी बाहेर गेल्या, थाने आत आली. वेचणारी बाई तीच, नेसणारी बाई तीच. मधला नफा मात्र परका. साळी आणि कोष्टी यांचे माग या दोहोंच्या मध्ये चिरडले गेले, आणि पुष्कळ विणकरांना दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावे लागले.

पैठणीचेच पाहा. येवला इंग्रजी मुलखात, पैठण निजामाच्या. वाण एक, विद्या एक. तरीही वऱ्हाडातल्या नवरीने येवल्याची नेसली तर ती आपल्या मुलखातली, पैठणची नेसली तर परमुलखातली! औरंगाबादच्या हिमरूचीही गत तीच. ताण्याबाण्याला सरहद्द ठाऊक नसते. ती नाकेदाराच्या वहीत असते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य संपले. पुढे हाली शिक्काही गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पलीकडचा बस्ता आता घरचा झाला.

सरहद्दी पुसल्या, पण एक प्रश्न उरला. आज आपली मुलेबाळे खरोखरच समुद्रापार जातात आणि तेथली पारंपरिक वस्त्रे हौसेने आणतात. आणावीत, दुसऱ्याच्या हातची कला अंगावर घेणे ही मैत्रीच आहे. परंतु भाव करताना आपण नाण्याचा दर विचारतो, जकात विचारतो, तसेच विणणाऱ्याला त्यातले किती मिळाले, हेही विचारावे. आम्ही मजुरांत वावरणारी माणसे. कापड देशी की परदेशी हे आम्ही नाक्यावर ठरवत नाही. ज्या कापडात विणकराची पोटभर मजुरी आहे, ते कोठलेही असो, आम्हांस आपले वाटते.