कर्ण्यासमोरचा कुत्रा

सुरतेत राहणाऱ्या माणसाला ‘छाप’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरहून येणाऱ्या कापडावर वाघ, हत्ती, देवदेवता यांची रंगीत तिकिटे चिकटवलेली असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईकही चित्र पाहून माल ओळखे. ग्रामोफोनच्या तबकड्याही आपल्याकडे अशाच छापेवर ओळखल्या गेल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध छाप म्हणजे कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला कुत्रा. पुढे पाश्चात्त्य रेकॉर्डींवर विचित्र, स्वप्नवत मुखचित्रे आली. ती मुद्दाम चक्रावून टाकण्यासाठी काढलेली असत. हे चित्र तसे नाही. तरीही ते फार वेळ पाहिले की मन अस्वस्थ होते. असे का व्हावे?

उत्तर चित्राच्या इतिहासात आहे. निपर नावाचा हा कुत्रा १८८४ मध्ये ब्रिस्टलला जन्मला. त्याचा मालक मार्क बॅरॉड १८८७ मध्ये वारला आणि कुत्रा मार्कचा चित्रकार भाऊ फ्रान्सिस याच्याकडे आला. १८९५ मध्ये निपरही गेला. फ्रान्सिसने चित्र काढले ते त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी. म्हणजे ऐकणारा कुत्रा चित्रात आला तेव्हाच हयात नव्हता.

मूळ चित्रात एडिसनच्या धर्तीचा, मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ होता. १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याची तयारी दाखवली, पण त्यात आपले यंत्र हवे, अशी अट घातली. फ्रान्सिसने जुन्या यंत्रावर नवे यंत्र रंगवले. चित्राचे ५० आणि हक्कांचे ५० असे १०० पौंड त्याला मिळाले. विशिष्ट कोनातून पाहिल्यास खालचा फोनोग्राफ अजूनही जाणवतो.

या बदलाने चित्राचा अर्थच फिरला. फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता येई. त्यातून धन्याचा आवाज येणे शक्य होते. ग्रामोफोनवर मात्र विकत आणलेली तबकडीच वाजे. नाव ‘धन्याचा आवाज’ आणि यंत्र असे, की त्यात धनी असण्याची शक्यता जवळजवळ नाही! यंत्राखालचा चकचकीत पृष्ठभाग म्हणजे मालकाची शवपेटी, ही दंतकथा पुष्कळांनी ऐकली असेल. तिला आधार नाही. आवाज कुठून येतो हे न कळून कुत्रा बुचकळ्यात पडे, एवढेच चित्रकाराने सांगितले होते. पण लोकांना शवपेटी दिसली, ती उगाच नव्हे. शरीराशिवाय आवाज ही गोष्टच तेव्हा मरणाची आठवण करून देणारी होती.

आपल्याकडे १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ती गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगे. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला. सुरुवातीच्या लेबलांवर पिसाच्या लेखणीने तबकडीवर रेघ ओढणारा देवदूत असे; पुढे त्याची जागा कुत्र्याने घेतली. कागदी पाकिटाला मधोमध गोल भोक असे, त्यातून हे लेबल डोकावे. चावी भरून तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेऊ लागली, की कुत्रा गरगर फिरत दिसेनासा होई. आवाज सुरू आणि ऐकणारा गायब. आवाज थांबला की तो पुन्हा आपल्या जागी, तसाच कान देऊन.

कर्ण्यासमोर माणसेही अशीच बसत. गदगचे बालक भीमसेन जोशी यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडले. भटकंतीनंतर ते पोचले सवाई गंधर्वांपाशी, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्यापाशी. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. तबकड्या वाजतच राहिल्या.

म्हणून ती छाप मला निव्वळ जाहिरात वाटत नाही. प्रत्येक छाप आत कोणता माल आहे ते सांगते. ही एकच छाप आत काय नाही, ते दाखवते. आपल्या घरात जुनी तबकडी असेल, तर वाजवण्यापूर्वी क्षणभर त्या कुत्र्याकडे पाहा. तो कर्ण्यात जे शोधतो आहे, तेच आपणही शोधत बसणार आहोत.