अंगावरचं दूध आणि एचआयव्ही

आईला एचआयव्ही असेल तर बाळाला अंगावर पाजायचं का? या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला जगाला कित्येक वर्षं लागली.

भारतात पहिली लागण १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आली. १९९२ मध्ये आपल्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेव्हा हा आजार ‘बाहेरच्यांचा’ समजत. पण तो नवऱ्याबरोबर घरात येत होता आणि आईकडून बाळाकडे जात होता: गरोदरपणात, बाळंतपणात आणि दुधातूनही. उपचार नसतील तर लागण झालेली निम्मी बाळं दोन वर्षांचीही होत नाहीत.

वरचं दूध द्यावं, तर अस्वच्छ पाणी आणि जुलाबाची भीती. शिवाय चाळीत शेजारीण विचारणारच, “अंगावर का पाजत नाहीस गं?” खरं सांगितलं तर घर सुटायची धास्ती.

१९९९ मध्ये युगांडातून आशा दिसली. बाळंतपणाच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस दिला, तर लागण बरीच टळत होती. पण बाळ तर महिनोन्‌महिने दूध पितं! म्हणून पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये, तसंच इथिओपिया आणि युगांडात, बाळांना सहा आठवडे रोज औषध देऊन पाहिलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सहाव्या आठवड्यापर्यंत लागण जवळपास निम्म्यावर आली होती, पण औषध थांबल्यावर फायदा ओसरत गेला. म्हणजे दूध चालू असेपर्यंत संरक्षण हवंच. हे आपल्याला कळलं ते आपल्या बाळांसह त्या अभ्यासात आलेल्या आयांमुळे.

आज गरोदर बाईला एचआयव्ही निघाला की तिला आयुष्यभराचं औषध सरकारी केंद्रात मोफत सुरू होतं. उपचाराविना शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. औषध नीट घेतलं तर पाचांहून कमी. आणि हो, अंगावर पाजताही येतं. पहिले सहा महिने फक्त आईचंच दूध द्यायचं.

तरीही २०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख २० हजार मुलांना नव्याने लागण झाली. आपल्याकडे धागा तुटायची एक जागा आहे. नाव नोंदवतो चाकणला नाहीतर पिंपरीत, आणि बाळंतपणाला जातो माहेरी. तेव्हा दिवस राहिल्याबरोबर तपासणी करा, नवऱ्याचीही करा. माहेरी निघताना कागद आणि गोळ्या सोबत घ्या, केंद्रात तसं सांगून जा. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.