मकावची जुनी प्रॉटेस्टंट दफनभूमी : परकीयांचे मरण आणि भूमीचे स्वामित्व

परक्या मुलखात मरण आलेल्या माणसाला माती कोणी द्यावी आणि ती कोणत्या जमिनीत द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता धर्माचा वाटतो. वस्तुतः जमिनीचे स्वामित्व आणि राज्यसत्तेची मर्यादा हे दोन्ही प्रश्न त्यात गुंतलेले असतात. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाव शहरात इ. स. १८२१ मध्ये स्थापन झालेली प्रॉटेस्टंटांची जुनी दफनभूमी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथील थडग्यांत कोण विसावले आहे याइतकेच, ती जागा मिळण्यास इतका काळ का लागला, हेही इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

पोर्तुगीजांनी मकाव येथे १५५७ च्या सुमारास वसाहत केली. १८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्याच्या सत्तेखाली चालत असे. १५७६ मध्ये स्थापन झालेले तेथील बिशपपीठही गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकारक्षेत्रात होते. तथापि ही वसाहत पूर्णार्थाने पोर्तुगीजांची नव्हती. जमिनीचे भाडे म्हणून चिनी सरकारकडे दरवर्षी ५०० ताएल भरावे लागत. तटाच्या आत पोर्तुगीज नगरसभा कारभार पाही. तटाबाहेरची शेते, टेकड्या व खेडी यांवर चिनी अधिकाऱ्यांचा अंमल चाले. अशा दुहेरी सत्तेच्या गावात तिसरा समाज येऊन राहिला, तो इंग्रज, डच, स्वीडिश व अमेरिकन व्यापाऱ्यांचा. १७५७ नंतर पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार कँटन या एकाच बंदरात बांधला गेला. तेथे व्यापाराच्या हंगामापुरतेच राहता येई आणि स्त्रियांना नेण्याची मनाई होती. त्यामुळे व्यापाऱ्यांची बिऱ्हाडे मकावमध्ये राहिली. आणि जेथे बिऱ्हाडे राहिली तेथे बाळंतपणे, आजार आणि मृत्यू हेही ओघानेच आले.

कॅथलिक राज्यात प्रॉटेस्टंटांच्या प्रेतांचे काय करावे, हा प्रश्न पोर्तुगालला नवा नव्हता. क्रॉमवेलच्या काळात १६५४ साली इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात जो तह झाला, त्यात इंग्रजांना दफनासाठी जागा देण्याचे मान्य करण्यात आले होते. त्यानुसार लिस्बन येथे पुढे इंग्रजांची स्वतंत्र दफनभूमी झाली; कादंबरीकार हेन्री फील्डिंग याला १७५४ मध्ये तेथेच पुरण्यात आले. खुद्द गोव्यातही नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्रजी पलटणी येऊन राहिल्या होत्या, आणि दोना पावला येथील ब्रिटिश दफनभूमी त्या वास्तव्याची साक्ष देते. लिस्बनमध्ये तहाचे बळ होते, गोव्यात फौजेचे होते. मकावमध्ये यांपैकी एकही नव्हते. १८०८ मध्ये इंग्रजांनी तेथे सैन्य उतरवून पाहिले. परंतु चिनी अधिकाऱ्यांनी कँटनचा व्यापार बंद पाडताच त्यांना त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

परिणामी १८२१ पर्यंत प्रॉटेस्टंटांची प्रेते तटाबाहेरच्या टेकड्यांवर पुरली जात. लंडन मिशनरी सोसायटीचा पहिला चीनमधील धर्मोपदेशक रॉबर्ट मॉरिसन याचे नवजात अपत्य १८११ साली असेच तटाबाहेर पुरले गेले. १० जून १८२१ रोजी मॉरिसनची पत्नी मेरी पटकीने मरण पावली. तिला त्या अपत्याशेजारी ठेवावे अशी पतीची इच्छा होती. परंतु ती जागा पुन्हा उकरू देण्यास चिनी लोकांनी नकार दिला. गावातील कॅथलिक दफनभूमी तर पाखंडी मानल्या गेलेल्या पंथाला बंदच होती. म्हणजे तटाच्या आत धर्म आडवा आला आणि तटाबाहेर जमिनीचा हक्क. अखेर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या मकाव येथील समितीने जागा खरेदी करण्याचा ठराव केला. मॉरिसनने दिलेल्या माहितीनुसार तिची किंमत तीन ते चार हजार डॉलर होती. परकीयांना स्थावर विकण्याच्या मार्गातील कायद्याच्या अडचणी समितीच्या सभासदांनी स्वतः खटपट करून दूर केल्या. ही जागा कंपनीच्या प्रमुखाचे निवासस्थान असलेल्या ‘कासा गार्डन’ या वाड्याला लागूनच आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मॉरिसन हा १८०९ पासून कंपनीचा दुभाषी होता. चीनमध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारास बंदी असल्याने कंपनीच्या नोकरीखेरीज त्याला तेथे राहणे कठीण होते, आणि त्याच्या चिनी भाषाज्ञानाखेरीज कंपनीचे काम अडत होते. त्याचा चिनी भाषेचा कोश कंपनीच्याच खर्चाने मकावमध्ये छापला गेला. दफनभूमीची गरज जुनीच होती; परंतु ती गरज एका उपयुक्त अधिकाऱ्याच्या घरी उभी राहिली, तेव्हाच पैसा आणि वजन खर्ची पडले.

स्थापनेच्या सालाविषयी अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक आहे. प्रवेशद्वारावरील पाटीवर १८१४ हे साल कोरलेले आहे, आणि आतील काही शिळांवर तर १८२१ पूर्वीच्या तारखा आढळतात. तटाबाहेरची काही जुनी थडगी नंतर येथे हलविण्यात आली, हे त्या तारखांचे स्पष्टीकरण होय. शिळेवरील तारीख मृत्यूचे साल सांगते. जागेचे वय सांगत नाही. मेरी मॉरिसनच्या मृत्यूसंबंधीचा समकालीन पत्रव्यवहार या बाबतीत दगडावरील अक्षरांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतो.

प्रारंभी इंग्रजांसाठी घेतलेली ही जागा लवकरच इतर देशांच्या प्रॉटेस्टंटांनाही खुली झाली. मॉरिसन १८३४ मध्ये कँटन येथे वारला. त्याचे शव मकावला आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आले. जवळच त्याचा मुलगा जॉन रॉबर्ट आणि चिनी अक्षरांचे सुटे खिळे तयार करणारा सॅम्युएल डायर यांची थडगी आहेत. दोघेही १८४३ मध्ये वारले. मद्रास व कलकत्ता येथे नाव मिळवून, कर्ज टाळण्यासाठी १८२५ मध्ये मकावला आलेला चित्रकार जॉर्ज चिनरी १८५२ मध्ये येथे विसावला. सयाम व मस्कत यांच्याशी अमेरिकेचे पहिले तह करणारा एडमंड रॉबर्ट्स १८३६ मध्ये येथे पुरला गेला. सर हंफ्री सेनहाउस हा आरमारी अधिकारी १८४१ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जहाजावर वारला. हाँगकाँग इंग्रजांच्या हाती टिकेल याची तेव्हा शाश्वती नव्हती, म्हणून त्याचे शव मकावला नेण्यात आले. या नामवंतांच्या आजूबाजूला खलाशी, तरुण अधिकारी, बाळंतिणी आणि तान्ही मुले आहेत. ताप, हगवण, समुद्रावरील अपघात हीच त्यांच्या मृत्यूची कारणे. अफूच्या युद्धाचा इतिहास येथे सेनापतींच्या विजयापेक्षा तापाने मेलेल्यांच्या वयात अधिक स्पष्ट दिसतो.

यांतील एक थडगे विशेष अर्थपूर्ण आहे. स्वीडिश व्यापारी व इतिहासकार अँडर्स युंगस्टेट १८३५ मध्ये येथे पुरला गेला. पुढील वर्षी बोस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, मकाववर पोर्तुगीजांना सार्वभौम हक्क चीनकडून कधीच मिळालेला नाही. ज्या प्रश्नामुळे ही दफनभूमी अस्तित्वात आली, त्या प्रश्नाचा इतिहासकारही तिच्यातच आहे.

कंपनीने घेतलेल्या या भूमीत मकावमधील सर्वच परकीयांना स्थान नव्हते. कँटनच्या व्यापारात मुंबईचे पारशी व्यापारी कापूस व माळव्याची अफू घेऊन येत असत. जमशेटजी जीजीभाई यांनीही तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या होत्या. पारशी धर्माप्रमाणे भूमी, जल व अग्नी पवित्र असल्याने शव दखम्यात ठेवावयाचे असते. परंतु मूठभर लोकांच्या वस्तीला दखमा बांधणे व चालविणे शक्य नव्हते. म्हणून मकावमधील गिया टेकडीच्या उतारावर १८२९ मध्ये त्यांनी आपली आरामगाह केली. इंग्रजांना जागेसाठी झगडावे लागले; पारशांना जागेबरोबरच आपल्या विधीलाही मुरड घालावी लागली.

चिनी लोकांच्या नकाराकडे मात्र केवळ आडमुठेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्याच टेकड्यांवर त्यांच्या पूर्वजांची थडगी होती आणि पूर्वजांची सेवा हा त्यांच्या कुटुंबधर्माचा पाया होता. १८४९ मध्ये गव्हर्नर फरेरा दो अमारल याने चीनला भाडे देणे बंद केले आणि तटाबाहेर रस्ते काढताना चिनी थडगी हलविण्यास भाग पाडले. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी त्याचा वध झाला. परकीयांच्या थडग्यांना जागा न मिळणे आणि गावकऱ्यांची थडगी उखडली जाणे, या एकाच भूमिवादाच्या दोन बाजू होत.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, व्यापारी तिकडे वळले, आणि १८५७-५८ च्या सुमारास ही दफनभूमी भरून बंद झाली. मकाववरील पोर्तुगीजांचा ताबा चीनने तहाने मान्य केला तो १८८७ मध्ये. १९९९ मध्ये तोही संपला. २००५ मध्ये मकावच्या ऐतिहासिक केंद्राचा भाग म्हणून या भूमीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. कंपनी गेली, पोर्तुगीज सत्ता गेली. ज्या जमिनीसाठी दोन सत्तांची मनधरणी करावी लागली, ती आज चीनच्या संरक्षणात आहे. धार्मिक सहिष्णुतेचे स्मारक म्हणून अशा स्थळांचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. मकावचा पुरावा वेगळे सांगतो. येथे माती मिळाली ती तत्त्वाने नव्हे, तर पैशाने, ओळखीने आणि सत्तेच्या संदिग्धतेतून निघालेल्या वाटेने. अल्पसंख्याकांच्या दफनभूमींचा अभ्यास करताना शिळांवरील नावांच्या आधी त्या जमिनीचा व्यवहार वाचावा, हा या उदाहरणाचा बोध होय.