वातानुकूलन नलिकांतील बुरशी

मध्यवर्ती यंत्रणेतून घरभर गरम किंवा थंड हवा नेणाऱ्या नलिकांना डक्ट म्हणतात. अमेरिकेतील घरांत ही रचना सर्रास आढळते. नलिकांत धूळ असतेच. तिला ओलावा मिळाला की बुरशी धरते. हा ओलावा बहुधा थंड कॉइलवर साचलेले पाणी, तुंबलेला निचरा किंवा सांध्यांतील गळती यांतून येतो. त्याचे मूळ न शोधता केलेली सफाई व्यर्थ जाते, कारण बुरशी पुन्हा वाढते.

आत दिसणारा प्रत्येक काळा थर बुरशीचाच असतो असे नाही. खात्री प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते. उघड्या पत्र्याची नलिका घासून, व्हॅक्यूम यंत्राने धूळ ओढून स्वच्छ करता येते. काचतंतूचे अस्तर मात्र एकदा भिजून बुरसले की साफ होत नाही, ते काढून नवे बसवावे लागते. सफाईमुळे आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते; सफाईच्या जाहिराती मात्र नेमके उलट सुचवतात.

कोकणातल्या दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या भिंतीवरील यंत्रांना अशा नलिका नसतात. तेथे बुरशी कॉइल, पंखा आणि पाण्याच्या तबकात वाढते.