वैद्यकीय शिक्षणाची दुसरी संधी : जुने गुण कमी असताना प्रवेशाची तयारी

झाशीपासून सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवर सुखनई नदीच्या काठी वसलेले मऊरानीपूर हे जलविहार मेळ्यासाठी आणि शेजारच्या रानीपूर येथील मागावरच्या कापडासाठी ओळखले जाते. छत्रसालाने पहिल्या बाजीरावास राज्याचा हिस्सा दिल्यानंतर बुंदेलखंडात मराठी कुटुंबे स्थिरावली आणि नेवाळकरांच्या झाशीमुळे हे नाते दृढ झाले. या भागातील अनेक तरुण पदवीनंतर शिक्षकी पेशा, बँकेतील नोकरी किंवा घरचा व्यापार पत्करतात. त्यांच्यापैकी एखाद्याला काही वर्षांनी वैद्यकीय शिक्षणाकडे वळावेसे वाटले, तर पहिली शंका येते ती जुन्या गुणपत्रिकेची. ही शंका काही अंशीच खरी आहे. अडचण बहुधा गुणपत्रिकेत नसून वेळ, पैसा आणि गुणवत्ता यादीतील स्थान यांत असते.

कोणते गुण विचारात घेतले जातात?

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वी सहसा पदवी पूर्ण करावी लागते आणि पदवीचे गुण निवडीत महत्त्वाचे ठरतात. भारतातील पद्धत वेगळी आहे. येथे एमबीबीएसचा प्रवेश बारावीनंतर ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेतील गुणानुक्रमाने होतो. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीत मिळालेले कमी गुण या क्रमात धरले जात नाहीत.

बारावीच्या गुणांचा संबंध केवळ पात्रतेपुरता असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के गुण आवश्यक आहेत. ५१ टक्के आणि ९५ टक्के मिळविणारे दोघेही या पायरीवर समान ठरतात. ज्यांचे गुण या मर्यादेच्या खाली आहेत, त्यांना मात्र आधी बारावीची परीक्षा पुन्हा देऊन ही त्रुटी दूर करावी लागते. मुक्त विद्यालयातून बारावी उत्तीर्ण झालेल्यांच्या पात्रतेबाबतचा वाद २०२४ मध्ये मिटला असून मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचे विद्यार्थी ‘नीट’ला बसू शकतात.

बारावीला जीवशास्त्र नसल्यास

गणित घेऊन बारावी झालेल्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मधील निर्णय महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्या महिन्यात बारावीनंतर जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण होण्यास संमती दिली. ज्यांनी बारावीला विज्ञान शाखाच घेतली नव्हती, त्यांना तिन्ही विषयांसह परीक्षा द्यावी लागते. मंडळाचे प्रमाणपत्र हाती येण्यास वेळ लागत असल्याने हे काम तयारीच्या अगदी आरंभी हाती घेणे हिताचे ठरते.

वयाची अट

पूर्वीच्या नियमांत खुल्या प्रवर्गासाठी २५ आणि राखीव प्रवर्गांसाठी ३० वर्षांची कमाल मर्यादा होती. आयोगाने मार्च २०२२ मध्ये ती रद्द केल्याचे जाहीर केले. ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, ‘नीट’ उत्तीर्ण होऊन शासकीय महाविद्यालयात एमबीबीएससाठी प्रवेश मिळविला होता. पेशा बदलून वैद्यकाकडे वळण्याची परंपरा महाराष्ट्रातही जुनी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केल्यानंतर ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८५१ मध्ये तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले.

पात्र ठरणे आणि जागा मिळणे

उमेदवारांची सर्वाधिक फसगत येथे होते. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थी ‘नीट’ला बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास असून त्यांपैकी सुमारे निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत आहेत. त्या वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती; शासकीय जागेसाठी या प्रवर्गात त्याच्या तिपटीहून अधिक गुण लागले. त्यामुळे ‘नीट उत्तीर्ण’ या शब्दांवर विसंबून नोकरीचा राजीनामा देणे धोक्याचे आहे.

राज्याचा कोटा

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उर्वरित राज्यांच्या कोट्यातून भरल्या जातात. मऊरानीपूर येथील रहिवाशाला उत्तर प्रदेशचा कोटा उपलब्ध असतो. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ पासून कार्यरत आहे. उरई, बांदा आणि ललितपूर येथेही आता शासकीय महाविद्यालये आहेत. मातृभाषा मराठी असली, तरी तेवढ्याने महाराष्ट्राच्या कोट्यात स्थान मिळत नाही. त्यासाठी सर्वसाधारणपणे तेथील अधिवासासह दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते.

प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत असते. परंतु मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. झाशी केंद्रावर परीक्षा देणाऱ्याने हिंदी वा इंग्रजीची सवय करणे आवश्यक आहे.

तयारी कशी करावी?

२०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. त्यांपैकी जीवशास्त्राचे ९० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ होते. म्हणजे निम्मे गुण जीवशास्त्राचे. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके हा या विषयाचा पाया मानला जातो. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याने प्रथम ही पुस्तके पूर्ण करावीत; मात्र भौतिकशास्त्रातील उदाहरणे सोडविण्याचा सराव पहिल्या महिन्यापासूनच चालू ठेवावा. अनेक वर्षांच्या खंडानंतर आकडेमोडीचा वेग सर्वांत उशिरा परत येतो.

अचूक उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. १५० प्रश्न सोडवून ३० चुकविणाऱ्यास ४५० गुण मिळतात. १२५ च प्रश्न सोडवून १० चुकविणाऱ्यासही तेवढेच. म्हणून प्रत्येक सराव परीक्षेनंतर चुकांची वही ठेवणे, हे नवीन पुस्तक विकत घेण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरते.

शिकवणीसाठी कोटा किंवा लातूर गाठणे सर्वांना परवडणारे नाही. उत्तर प्रदेश शासनाने २०२१ मध्ये मुख्यमंत्री अभ्युदय योजनेखाली स्पर्धा परीक्षांसाठी विनामूल्य मार्गदर्शन सुरू केले. त्यात ‘नीट’चाही समावेश आहे.

प्रवेशानंतरचा हिशेब

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता अनिवार्य आहे. तात्त्विक वर्गांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे नोकरी करीत हे शिक्षण घेणे शक्य नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेसाठी चारच संधी मिळतात. तयारीची दोन वर्षे धरल्यास तिशीतील उमेदवाराने सात ते आठ वर्षांच्या घरखर्चाची तरतूद आधी मांडून पाहावी आणि ती कुटुंबीयांसमोर ठेवावी.

अन्य मार्ग

‘नीट’च्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेश होतात. झाशी येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे. परदेशात शिकून भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनाही ‘नीट’मधील पात्रता आणि परतल्यावर परवाना परीक्षा चुकत नाही.

किती वेळा परीक्षेला बसावे, यावर नियमांचे बंधन नाही. हे बंधन उमेदवाराने स्वतःच घालून घ्यावे, हे उत्तम. दोन प्रयत्नांत सराव परीक्षांचे गुण शासकीय जागेच्या टप्प्यात येत नसतील, तर बचत संपण्यापूर्वी दुसरा मार्ग निवडणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.